मागचा क्रॉस टिकतच नाहीये, दहा चाकी, इंदूर–धुळे लाइन. नवा घेण्याआधी काय तपासू?

बायपास_इंदूर

नमस्कार मंडळी. बाबांची दहा चाकी आहे, इंदूर–धुळे आणि कधीकधी पुढे भिवंडी, जाताना बहुतेक पिथमपूरचा लोखंडी माल असतो आणि येताना जे मिळेल ते. गाडी सेकंडहँड घेतली, मग बॉडी नवीन बांधून घेतली आणि त्याच वेळी मागच्या कमानीत (स्प्रिंगमध्ये) पाटे वाढवले. तेव्हापासून जॉइंट शाफ्टचा (गिअरबॉक्सची फिरत मागच्या एक्सलला नेणारी नळी) सगळ्यात मागचा क्रॉस (सांध्यातला चार पायांचा तुकडा), म्हणजे हाउसिंगकडचा (मागच्या एक्सलच्या डब्याकडचा), टिकतच नाही. दिवाळीच्या आधी नवा टाकला तो संक्रांतीला वाजायला लागला, परत नवा टाकला आणि आता होळी यायच्या आत पहिल्या गियरला गाडी उचलताना खट्ट असा आवाज येतो, आणि ५५ च्या पुढे गेलं की केबिनच्या फरशीला कंपन जाणवतं. शाफ्ट दोन तुकड्यांची आहे, मध्ये सेंटर बेअरिंग. पुढचा आणि मधला क्रॉस जुनेच आहेत आणि त्यांना काही झालेलं नाही, हे मला विचित्र वाटतं.

मिस्त्री म्हणतो बाजारात माल डुप्लिकेट येतोय. बाबा म्हणतात ड्रायव्हर क्लच झटक्याने सोडतो. ड्रायव्हर म्हणतो धुळ्याहून परत येताना आधी बिजासन आणि मग गणपती घाट भरल्या गाडीने चढायचा तर क्रॉस जाणारच. तिघांचंही ऐकून घेतलं पण मग बाकीचे दोन क्रॉस कसे टिकले याचं उत्तर कोणाकडे नाही.

बाबा अजून अधूनमधून स्वतः गाडी घेऊन जातात, म्हणून जास्त काळजी वाटते. गणपती घाट उतरताना शाफ्ट सुटली तर गियरचा आणि एग्झॉस्ट ब्रेकचा आधार त्याच क्षणी संपला, आणि लटकणारी शाफ्ट जर एअर पाइपावर आपटली तर पुढचं बोलायलाच नको. कोणी नीट सांगेल का की अजून एक क्रॉस विकत घेण्याआधी काय काय बघायचं?

ट्रान्सपोर्टनगर_मिस्त्री

भिया, काढलेले जुने क्रॉस फेकले नसतील तर आधी ते डिझेलने धुवून उन्हात घेऊन बस. कारण तिथेच दिसतं, पण लोक क्रॉस काढला की भंगारात टाकून मोकळे होतात.

चारही पायांवर, ज्यांवर सुयांच्या बेअरिंगचे कप बसतात, नख फिरव. सुयांच्या रुंदीच्या उभ्या रेघा पडल्या असतील, नख अडकेल अशा, तर सुया एकाच जागी दाबून दाबून पायात रुतल्यात. याला ब्रिनेलिंग म्हणतात आणि ते लोड फार झाला की होतं. पाय निळे काळे पडले असतील तर ग्रीस पोचलंच नाही, कोरडा चालून तापला. आत लाल तपकिरी भुकटी निघाली तर पाणी शिरलंय, हे वॉशिंगवाल्याने प्रेशरचा पाइप सरळ सीलवर धरला की होतं. पाय मुळातून तुटला असेल आणि तुटलेली जागा दाणेदार चकचकीत असेल तर झटका, तिथे ड्रायव्हरला विचारावंच लागेल. आणि पायाचा शेंडा खरवडलेला असेल, कपच्या तळालाही तसेच ओरखडे असतील, तर क्रॉस आडवा रेटला जातोय, म्हणजे अँगल जास्त आहे किंवा योकचे (क्रॉस धरणाऱ्या दुशाखी तुकड्याचे) कान वाकडे झालेत.

दुसरी गोष्ट बसवण्याची. कप हातोडीने ठोकून बसवतात ना तिथे घात होतो. ठोकताना आतली एखादी सुई आडवी पडते आणि कपच्या तळाशी जाते, मग कप पूर्ण आत जात नाही, लॉक (कप धरून ठेवणारी कडी) खाचेत बसत नाही, की अजून दोन घाव घालतात आणि लॉक कसंतरी बसवतात. ती सुई आत चिरडते आणि क्रॉस पहिल्या दिवसापासून घट्ट फिरतो. कप प्रेसवर नाहीतर मोठ्या वाइसमध्येच दाबायचा, आणि बसवल्यावर क्रॉस हाताने चारही बाजूंना फिरवून बघायचा, कुठे अडकला तर तिथेच काढून परत बघायचं.

योकच्या कानातलं भोक मोठं झालं असेल तर काही जण पंच मारून कप टाइट करतात. ते करू देऊ नका. कप चार ठिकाणी धरला जातो, बाकी ठिकाणी हवेत राहतो आणि चेपतो. भोक गेलं तर योक बदला, पैसे लागतील पण दर वेळी क्रॉसला लागतात त्यापेक्षा कमीच.

खलघाट_लाइन

मी याच रस्त्याला गाडी चालवतो, स्वतःची आहे. घाटाने क्रॉस जातो हे अर्धंच खरं, माझीही त्याच घाटातून जाते. माझा एकच प्रश्न, ग्रीस कोण मारतं आणि समोर उभं राहून कोण बघतं?

आपल्याकडे ग्रीसवाला निपलला गन लावतो, दोन पंप मारतो आणि पुढे जातो. क्रॉसमध्ये एका निपलमधून चार पायांना वाट जाते आणि ग्रीस जिथे सोपं तिथे आधी जातं. तीन कपातून बाहेर आलं आणि चौथ्यातून आलंच नाही तर तो चौथा कोरडाच चालतो आणि क्रॉस त्याच पायावर जातो. म्हणून चारही कपांच्या सीलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर पडून ताजं दिसेपर्यंत मारायचं. एका कपातून येत नसेल तर गाडी थोडी पुढे घ्या म्हणजे शाफ्ट पाव फेरा फिरेल आणि त्या पायावरचा दाब सुटेल, मग परत मारा. तरीही आलं नाही तर त्या कपचे बोल्ट किंवा लॉक सोडून बघा, आत वाट बुजलेली असते. गन मारताना गाडीच्या चाकांना गुटके लावा, खाली झोपून करायचं काम आहे, उतारावर नको.

ग्रीस लिथियमचं, ईपी (जास्त दाब सोसणारं), २ नंबरचं. या गॅरेजला एक आणि त्या ढाब्यावर दुसरं असं करू नका, वेगळ्या जातीची दोन ग्रीस मिसळली की काही वेळा पातळ होऊन वाहून जातात. किती किलोमीटरला मारायचं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, पण धुळीत, खाणीत किंवा पावसाळ्यात त्याच्या आधीच मारा. आणि नव्या क्रॉसमध्ये पॅकिंगमधून येतं ते ग्रीस फक्त गंज लागू नये म्हणून, तेवढ्यावर गाडी सोडू नका, बसवल्या बसवल्या गन मारा.

थिअरी_ऑफ_मशीन्स

मी इथे इंदूरला पॉलिटेक्निकला शिकवते आणि हा विषय दर वर्षी फळ्यावर काढते म्हणून थोडं लांब लिहिते, घाई असेल तर शेवटी मोजायची पद्धत आहे तिथे जा.

मिस्त्री काका आणि खलघाटवाले दादा दोघांचंही बरोबर आहे, पण तुमची खूण एकच आहे, तीन क्रॉसपैकी एकच जातो. ग्रीस कमी असतं, ड्रायव्हर झटका देत असता तर पुढच्या दोघांवरही काहीतरी दिसलं असतं, टॉर्क (फिरवण्याचा जोर) तर तिघांतून तोच जातो. एकटा मागचाच जातो म्हणजे त्या जागी काहीतरी वेगळं आहे, आणि ती जागा म्हणजे हाउसिंग, ज्याच्या वर तुम्ही पाटे वाढवले. माझा संशय अँगलवर आहे, म्हणजे जॉइंटपाशी शाफ्ट किती वाकलेली आहे त्यावर.

क्रॉसचा जॉइंट, ज्याला पुस्तकात १७ व्या शतकातल्या रॉबर्ट हुकच्या नावाने ओळखतात, तो वाकून फिरायला लागला की आत येणारा वेग एकसारखा असला तरी बाहेर जाणारा वेग एकसारखा राहत नाही, एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. किती, ते अँगलवर. समजा शाफ्ट १५०० आरपीएमला फिरतेय आणि जॉइंट १० अंशात आहे, तर पलीकडची बाजू १४७७ ते १५२३ च्या मध्ये सतत वरखाली होते, सेकंदाला ५० वेळा. ३ अंशाला हा फरक इतका लहान होतो की ६०-७० च्या स्पीडला कळतही नाही. अँगल दुप्पट झाला की हा धक्का चौपट होतो. तुमच्या केबिनच्या फरशीला जे जाणवतंय ते बहुतेक हेच.

मग ट्रक चालतो कसा, तर शाफ्टच्या एका टोकाचा जॉइंट जेवढा वेग बिघडवतो तेवढाच दुसऱ्या टोकाचा उलटा बिघडवून सरळ करतो. पण त्याला दोन अटी आहेत. एक, दोन्ही टोकांचे अँगल जवळजवळ सारखे हवेत, १ अंशाच्या आत फरक. दोन, शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योकचे कान एका रेषेत हवेत. यातलं एक जरी चुकलं तर धक्का पुसला जात नाही आणि तो सगळा हाउसिंग, सेंटर बेअरिंग आणि क्रॉसच खातो.

दुसरी अट फार वेळा मोडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. स्लिप योक म्हणजे जिथे शाफ्ट आतबाहेर सरकते तो दात्यांचा भाग, तो क्रॉस बदलताना ओढून काढतात आणि परत घालताना खूण न बघता घालतात. १६ दाते असतील आणि एक दात सरकून बसला तर कान २२.५ अंशांनी फिरले. कंपनी दोन्ही भागांवर बाणाची खूण देते, ती ग्रीस आणि धुळीखाली असते, घासून बघा.

अँगल फार कमी असला तरी चालत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जॉइंट अगदी सरळ असला तर सुया फिरत नाहीत, एकाच जागी बसून त्यांच्या रेघा पडतात, काका वर म्हणाले त्या ब्रिनेलिंगसारख्याच दिसणाऱ्या. म्हणून अर्धा ते एक अंश तरी हवाच, आणि हायवेच्या गाडीला भरलेल्या स्थितीत ३ अंशांच्या आत असेल तर उत्तम.

आता मोजायचं कसं. चुंबकवाला डिजिटल अँगल मीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, महाग नाही. गाडी सपाट जागेवर, टायरमध्ये हवा सारखी, एअर पूर्ण भरलेली, गियर न्यूट्रल, चाकांना गुटके. चार आकडे घ्यायचे, गिअरबॉक्स, पुढची शाफ्ट, मागची शाफ्ट आणि हाउसिंगचा पिनियन (शाफ्टची फिरत हाउसिंगमध्ये घेणारा गियर). शाफ्टला नळीवर लावा, गिअरबॉक्स आणि पिनियनला फ्लँजच्या मशीन केलेल्या उभ्या फेसवर लावा म्हणजे खरा आकडा येईल, कास्टिंगच्या खडबडीत भागावर नको. मीटर रंगाच्या पापुद्र्यावर किंवा चिखलावर लावू नका, अर्धा अंश तिथेच जातो. शेजारच्या दोन आकड्यांचा फरक म्हणजे त्या जॉइंटचा अँगल. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी दोन्ही वेळा मोजा, कारण पाटे बसले की हाउसिंग चेसिसच्या जवळ येतं आणि मागच्या शाफ्टचा आकडा बदलतो. आकडे इथे टाका, मी बघते.

महू_नाका_फ्लीट

लोडबद्दलही बोलायला हवं. २०१८ मध्ये सरकारने एक्सल लोड वाढवला, तीन एक्सलच्या गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. नव्या गाड्या त्या हिशोबाने बनल्या, पण त्याआधीच्या गाडीची शाफ्ट, क्रॉस आणि पाटे तेच राहिले. जुनी गाडी घेऊन त्यात पाटे वाढवले म्हणजे गाडी बसत नाही एवढंच, क्रॉस काही मोठा झाला नाही.

ताईंना विचारतो, लोड थोडाच जास्त असला तर क्रॉसच्या आयुष्यावर कितीसा फरक पडत असेल? माझे ड्रायव्हर म्हणतात दोन तीन टनाने काय होतं.

थिअरी_ऑफ_मशीन्स

दादा, खूप पडतो. सुईच्या बेअरिंगचं आयुष्य टॉर्कच्या १०/३ घाताने कमी होतं. साध्या भाषेत, टॉर्क २० टक्के वाढला की आयुष्य जवळजवळ निम्मं राहतं, आणि टॉर्क दुप्पट झाला तर दहावा हिस्सा. अँगलचं गणित त्यामानाने सरळ आहे, अँगल दुप्पट तर आयुष्य निम्मं. म्हणून अँगल आणि लोड दोन्ही एकदम जास्त असले की दोन्हीचा गुणाकार होतो.

घाटात टॉर्क कसा चढतो तेही बघा. उदाहरणाला इंजिन ८०० न्यूटन मीटरचं धरा आणि पहिला गियर ९ चा, तर शाफ्टवर ७२०० येतात. टॉप गियरला सपाट रस्त्यावर त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे धुळ्यापासून इंदूरपर्यंतचा बहुतेक रस्ता क्रॉसला फारसा जाणवत नाही, खरी झीज बिजासन आणि गणपती घाटाच्या चढावर होते, आणि तिथे अँगल चुकीचा असेल तर तेवढ्यातच काम होऊन जातं. ड्रायव्हर म्हणतोय ते त्या अर्थाने चुकीचं नाही.

बायपास_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी समजावलं नव्हतं. मीटर आणला, मिस्त्रीला सोबत घेऊन मोजलं.

जुने दोन्ही क्रॉस मिळाले. दोघांचेही पाय निळे नाहीत, गंज नाही, पण शेंडे खरवडलेले आणि कपच्या तळाला तसेच ओरखडे, शिवाय दोन पायांवर रेघा. स्लिप योकचे बाण घासून बघितले, समोरासमोर आहेत, कानही एका रेषेत.

रिकाम्या गाडीचे आकडे, सगळे मागे उतरणारे: गिअरबॉक्स ३.५, पुढची शाफ्ट ४, मागची शाफ्ट ९.५, पिनियन १. भरल्यावर: गिअरबॉक्स ३, पुढची शाफ्ट ३.५, मागची ६, पिनियन ०.५.

म्हणजे भरलेल्या गाडीला पुढचा जॉइंट अर्धा अंश, मधला अडीच आणि मागचा साडेपाच येतो, बरोबर ना? आणि रिकामीला मागचा साडेआठ. बघून पोटात गोळाच आला.

थिअरी_ऑफ_मशीन्स

बरोबर काढलंत. पुढचा अर्धा अंश ठीक आहे, तो टिकला त्यात नवल नाही. मधला भरल्यावर अडीच, तोही ठीक. मागचा मात्र साडेपाच, मधल्यापेक्षा ३ अंश जास्त, आणि रिकामी असतानाही फरक नेमका ३ च आहे. लोडबरोबर फरक बदलत नाही, म्हणजे पाट्यांची उंची हे मूळ कारण नाही, हाउसिंगच आपल्या जागी फिरून बसलंय. पिनियन पुढच्या शाफ्टला समांतर हवा, म्हणजे भरल्यावर साडेतीनच्या आसपास, तुमचा अर्ध्यावर आहे, त्याचं तोंड ३ अंशांनी खाली झुकलेलं आहे.

हाउसिंग आणि पाट्यांच्या मध्ये टेपर प्लेट आहे का बघा. असेल तर तिची जाड बाजू कुठल्या दिशेला आहे आणि तिच्यावर किती अंश लिहिलेत ते सांगा.

बायपास_इंदूर

आहे. दोन्ही बाजूंना आहे, १.५ लिहिलंय. आमच्या ओळखीच्या एकांची सेम मॉडेलची गाडी शेजारी उभी होती, तिच्यात जाड बाजू उलट्या दिशेला आहे!

ट्रान्सपोर्टनगर_मिस्त्री

मग झालं. पाटे वाढवले तेव्हा सगळं खोललं असणार आणि प्लेट परत ठेवताना फिरवून ठेवली. दीड अंश वर जायचा तो दीड अंश खाली गेला, दीड आणि दीड तीन, ताईंचा आकडा तंतोतंत. मी असं डंपरांमध्ये बघितलंय, तिथे तर लोक सेंटर बेअरिंगही बदलतात, शाफ्ट बॅलन्स करून आणतात, आणि प्लेटकडे कोणाचं लक्षच जात नाही.

प्लेट सरळ केली की मागचा जॉइंट भरल्यावर अडीचला येईल, मधल्याबरोबर. रिकामीला दोन्ही साडेपाच राहतील, त्या वाढवलेल्या पाट्यांमुळे, पण सारखे असल्याने एकमेकांचा धक्का मारतील आणि रिकाम्या गाडीला टॉर्कही कमी. पटत असेल तर वाढवलेल्यातला एक पाटा काढूनच टाका, महू नाकावाल्या दादांनी सांगितलं ते डोक्यात ठेवून.

काम करताना हे बघा. हाउसिंगखाली जॅक आणि चेसिसखाली घोडे (टेकू) दोन्ही लावा. प्लेटचं सेंटर बोल्टचं भोक आणि हाउसिंगच्या सीटचं भोक नीट जुळलं पाहिजे, नाहीतर एक्सल तिरका बसेल आणि टायर खायला लागेल. यू बोल्ट (पाटे हाउसिंगला आवळणारे) नवेच टाका, एकदा ताणलेला बोल्ट परत आवळला तर धरत नाही, आणि यू बोल्ट ढिला राहिला की चढावर हाउसिंग तोंड वर करतं आणि अँगल पुन्हा गेला. क्रॉस नवा टाका, योकची भोकं मोजून, कप प्रेसवर. सेंटर बेअरिंगचं रबर आणि इंजिनाचे फाउंडेशन रबर हाताने हलवून बघा, फाटले असतील तर याच वेळी बदला. मग परत चार आकडे घ्या, रिकामी आणि भरलेली.

खलघाट_लाइन

यू बोल्ट माल भरून टाइट करा, रिकाम्या गाडीवर केलेला टाइट भरल्यावर सैल पडतो. आणि पहिली फेरी मारून आल्यावर परत पाना लावा, क्रॉसच्या कपचे बोल्टसुद्धा. बाबांना सांगा धुळ्याला पोचल्यावर पाच मिनिटं थांबून मागच्या क्रॉसच्या कपाजवळ हात न्या, आधी लांबून, चटका बसेल इतका गरम असेल तर तो कप कोरडा आहे, चढायच्या आधी तिथेच गन मारून घ्या.